चटणीपूरचा राजा : लंडनच्या रंगभूमीवरील एक विस्मृत संगीतिका

मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत कुलदैवतांची माहिती, ज्ञातीतील कर्तबगार पुरुषांची चरित्रे आणि गुणवंत विद्यार्थ्यांची नामावली असा मजकूर दरसाल येतो, आणि तो यावा हे योग्यच आहे. यंदा चिटणीसांनी आम्हांस ‘इतिहासावर काहीतरी लिहा’ अशी आज्ञा केली. आम्ही विषय सांगितला तेव्हा त्यांनी क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि विचारले, “मास्तर, याचा आपल्या ज्ञातीशी संबंध काय?” प्रश्न रास्त होता. विषय आहे १८९१ साली लंडन शहरात रंगभूमीवर आलेल्या एका इंग्रजी संगीतिकेचा. ती आज इंग्लंडातही फारशी कोणास ठाऊक नाही. मग आपल्याकडे कोठून असणार? तथापि संबंध आहे, आणि तो लेखाच्या अखेरीस वाचकांच्या ध्यानी येईल. तोवर त्यांनी थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

प्रथम संगीतिका म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. युरोपात ‘ऑपेरा’ म्हणून जो गंभीर नाट्यप्रकार आहे त्यात बहुधा सारेच गाऊन बोलायचे असते. त्याहून हलकाफुलका, विनोदी, गद्य संवाद आणि मधूनमधून गाणी असा जो प्रकार एकोणिसाव्या शतकात लोकप्रिय झाला, त्यास ‘ऑपेरेटा’ म्हणतात. आपल्या संगीत नाटकाशी त्याचे दुरून नाते दिसते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग पुण्यास ३१ ऑक्टोबर १८८० रोजी केला, त्यानंतर वर्ष पुरे होण्याच्या आत, १० ऑक्टोबर १८८१ रोजी, लंडनमध्ये सव्हॉय नाट्यगृह उघडले. सबंध नाट्यगृह विजेच्या दिव्यांनी उजळले होते. सार्वजनिक इमारतीत असे पूर्वी कोठे झाले नव्हते. नाट्यगृहाचे मालक रिचर्ड डॉयली कार्ट. तेथे पदे व संवाद लिहीत विल्यम गिल्बर्ट आणि चाली बांधीत आर्थर सलिव्हन. या जोडीच्या ‘मिकाडो’चे १८८५ पासून ६७२ प्रयोग झाले आणि १८८९ च्या अखेरीस आलेल्या ‘गोंडोलियर्स’चे ५५४.

परंतु जेथे पैसा येतो तेथे हिशेब येतो, आणि जेथे हिशेब येतो तेथे भांडण. नाट्यगृहात अंथरलेल्या नव्या गालिच्यांचा खर्च भागीदारीत धरावा की मालकाने सोसावा, यावरून १८९० साली गिल्बर्ट आणि कार्ट यांच्यात बिनसले. सलिव्हन मालकाच्या बाजूने उभे राहिले, प्रकरण कोर्टात गेले आणि जोडी फुटली. आपल्याकडे बांधावरून भाऊबंद तुटतात. तिकडे गालिच्यावरून मित्र तुटले, एवढाच फरक. मालकापुढे प्रश्न पडला की रिकामी रंगभूमी कशाने भरावी? तेव्हा त्यांनी दुसऱ्यांकडून नवी संगीतिका लिहवून घेतली. सव्हॉयसाठी रचलेली, पण गिल्बर्ट आणि सलिव्हन यांची नसलेली, अशी ती पहिलीच पूर्ण लांबीची संगीतिका. तिचे नाव ‘द नॉच गर्ल’, म्हणजे नाचवाली मुलगी. दुसरे नाव ‘चटणीपूरचा राजा’. संहिता जॉर्ज डान्स यांची, पदे डान्स व फ्रँक डेस्प्रेझ यांची आणि संगीत एडवर्ड सॉलोमन यांचे. ३० जून १८९१ रोजी पहिला प्रयोग झाला.

पात्रांची नावे वाचली की आपणांस हसू येते आणि मागोमाग थोडा रागही येतो. राजाचे नाव पंका, म्हणजे आपला छताचा पंखा. वजिराचे नाव पायजमा. नाचणाऱ्यांच्या ताफ्याचा मालक बाबू करी. राजाची एक गरीब नातलग आहे, तिचे नाव चिन्ना लूफा. नायिका हॉली बीबी. विलायतेतील साहेबाला हिंदुस्थानातून परतलेल्या भावाच्या पत्रांत जे शब्द भेटले असतील, ते सारे वेचून माणसांना चिकटवले आहेत. चटणी खाण्याची, पायजमा घालण्याची, पंखा ओढून घेण्याची. एवढाच हिंदुस्थान त्यांच्या कानांवर गेला होता.

आता कथानक थोडक्यात सांगतो. राजपुत्र इंद्रू याचे हॉली बीबीवर प्रेम बसले आहे. बीबी नाचणारी असली तरी तिचे घराणे मुळात उच्चवर्णीय ब्राह्मणाचे. तिचा बाप नदीच्या पाण्यात सापडला असता एका हीन मानलेल्या माणसाने त्यास ओढून काढले. जीव वाचला, पण जात गेली. जात परत मिळावी म्हणून लावलेला दावा कोर्टात वर्षानुवर्षे कुजत पडला आहे. इंद्रूला जातीबाहेरच्या मुलीशी लग्न करता येत नाही, म्हणून तो निषिद्ध अन्न खाऊन स्वतःच जात टाकतो आणि लग्न करतो. लग्न लागते न लागते तोच निकाल येऊन थडकतो की बीबीचे घराणे पुन्हा जातीत घेतले आहे! आता ती ब्राह्मणकन्या आणि नवरा जातभ्रष्ट. अशा लग्नाला देहान्ताची शिक्षा. बिचारी ताफ्याबरोबर युरोपास पळून जाते. दुसऱ्या अंकात बंबो नावाची देवमूर्ती चालत-बोलत राजदरबारी येते, कारण तिच्या डोळ्यातला हिरा कोणी पळवला आहे. पुढे बराच गोंधळ होतो. अखेर बीबी परतते, हिरा मिळतो, वजीर पायजमा चोर ठरतो आणि सारे गोड होते.

राजाचे काम रटलंड बॅरिंग्टन यांनी केले, चिन्ना लूफाचे जेसी बाँड यांनी, इंद्रूचे कोर्टिस पाउंड्स यांनी, आणि बंबोचे डब्ल्यू. एच. डेनी यांनी. ही सारी गिल्बर्ट-सलिव्हनच्या नाटकांत नावाजलेली मंडळी. प्रेक्षकांस ओळखीचे चेहरे, ओळखीचा थाट आणि डोळे दिपवणारे पौर्वात्य पोशाख मिळाले. नाटकाचे स्वागत चांगले झाले. डान्स यांची लेखणी गिल्बर्टच्या वळणाने चालते हे कोणाच्या नजरेतून सुटले नाही. मिकाडोच्या जपानात जसे इंग्रजी अंमलदार वेषांतर करून वावरतात, तसेच चटणीपुरातही नातलगांचा भार वाहणारा सत्ताधारी आणि वर्षानुवर्षे रखडणारा दावा हे इंग्रजांच्या घरचेच नग होते. १६ जानेवारी १८९२ पर्यंत लंडनमध्ये २०० प्रयोग झाले आणि मग नाटक बाहेरगावच्या दौऱ्यावर गेले. ‘मिकाडो’च्या मानाने हा आकडा लहान खरा, पण जोडी फुटलेल्या रंगभूमीला त्याने सात महिने तगवले.

लंडनकरांस त्या वर्षी हिंदुस्थान एवढा का रुचला, याचाही विचार केला पाहिजे. १८८६ साली साउथ केन्सिंग्टन येथे वसाहतींचे व हिंदुस्थानचे मोठे प्रदर्शन भरले होते आणि हिंदी कारागीर हातमागावर बसलेले लोकांनी पाहिले होते. पण नुसते कौतुकच नव्हते, वर्तमानपत्रांतून आपल्या घरातल्या गोष्टींची चर्चाही चालू होती. मुंबईच्या रखमाबाईंनी बालपणी लागलेले लग्न नाकारले आणि १८८७ साली कोर्टाने त्यांस नवऱ्याच्या घरी जा अथवा सहा महिने तुरुंगात जा असे फर्मावले. ती हकिकत लंडनपर्यंत गाजली होती. नाटक चालू असताना त्या लंडनमध्येच वैद्यक शिकत होत्या. संमतिवयाचा कायदा १९ मार्च १८९१ रोजी मंजूर झाला, म्हणजे नाटकाच्या आधी साडेतीन महिने. हिंदूंची लग्ने, हिंदूंची जात, हिंदूंचे सोवळे हे त्या वेळी विलायतेतील चहाच्या टेबलावरचे विषय होते. डान्स यांनी ते टेबलावरून उचलून रंगभूमीवर ठेवले.

आणि त्याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते? आमच्या वाचकांतील वडीलधाऱ्यांस पंचहौद मिशनच्या चहाची गोष्ट ठाऊक असेल. तरुणांसाठी थोडक्यात सांगतो. ४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी निमंत्रणावरून जमली. तेथे चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी घेतली, कोणी नुसती पुढ्यात ठेवून घेतली. पुढे गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणेवैभव’ पत्रात छापून आणली. त्यांत रानडे, टिळक, गोखले अशी नावे होती. पुण्यात ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली आणि १८९२ साली न्यायमूर्ती रानड्यांसारख्या पुरुषाने प्रायश्चित्त घेतले. म्हणजे लंडनमध्ये निषिद्ध अन्न खाऊन जात गमावणारा राजपुत्र पाहून लोक टाळ्या पिटत होते, तेव्हा पुण्यात एका पेल्याभर चहासाठी हायकोर्टाचा न्यायाधीश होऊ घातलेला विद्वान जातीपुढे उत्तर देत होता. नाटककाराने पुणे पाहिले नव्हते. कल्पनेने त्याने जे रचले त्याहून वास्तव फारसे दूर नव्हते, हे कबूल करताना आम्हांस संकोच वाटतो. पण कबूल केले पाहिजे.

याचा अर्थ ते नाटक खरे होते असा नव्हे. त्यात पुष्कळ खोटे आहे. जातभ्रष्टाशी लग्न केले म्हणून देहान्त, ही निव्वळ बनावट. उलट १८५० च्या कायद्याने जात गेलेल्या माणसाचा वारसाहक्कदेखील राखून ठेवला होता. देवाची मूर्ती विदूषक करून नाचवणे, हा तर उघड अनादर. श्रद्धावान माणसास ते सलणारच. शिवाय कलावंतिणींच्या विद्येची, त्यांच्या तालीमबद्ध नृत्यगायनाची त्या लेखकास दादही नव्हती. त्याच्या लेखी ‘नॉच’ म्हणजे रंगीत ओढणी आणि घुंगरू. ज्याचे राज्य असते त्याला हसण्याचा परवाना असतो, हेही विसरू नये. १९०७ साली जपानचे राजपुत्र फुशिमी लंडनला येणार म्हणून पाहुण्यांचा उपमर्द होईल या भीतीने ‘मिकाडो’चे प्रयोग सहा आठवडे सरकारने बंद ठेवले. जपानचे आरमार तोवर रशियाला हरवून बसले होते. चटणीपूरच्या राजासाठी कोणी एक दिवस पडदा पाडला नाही. चटणीपुरापाशी आरमार नव्हते.

पण आमचे म्हणणे याहून वेगळे आहे. नाटकातील सर्वांत मोठी चूक कोणती? ती आम्हांस दुसऱ्या वाचनात दिसली. चटणीपुरात जातीचा दावा सरकारी कोर्टापुढे चालतो. जात देणारा आणि घेणारा न्यायाधीश सरकारचा असतो. मुंबई इलाख्यात तसे नव्हते. १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनने ठरवून टाकले होते की निव्वळ जातीच्या प्रश्नात कोर्टांनी हात घालू नये. मग तो प्रश्न सोडवी कोण? जातीचे पंच. बीबीच्या बापाला पाण्यातून ओढून काढणारा दोर कोणाच्या हातचा होता, हे विचारणारा न्यायाधीश कोठल्या कोर्टात बसत नव्हता. तो आपल्याच ओसरीवर, आपल्याच घोंगडीवर, आपल्याच पानाचा डबा पुढे घेऊन बसला होता.

येथे चिटणीसांच्या प्रश्नाचे उत्तर येते, आणि येथेच आम्हांस घरची गोष्ट सांगणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वी ज्ञातीची वंशावळ छापण्याचे ठरले, तेव्हा जुनी कागदपत्रे लावण्याचे काम आमच्याकडे आले, कारण आम्हांस मोडी वाचता येते. त्या बाडात सुमारे शंभर वर्षांपूर्वीची पंचांची एक वही मिळाली. तीत आमच्या आजोबांच्या चुलतबंधूंविषयी ठराव आहे. हे गृहस्थ पूर्व आफ्रिकेत कारकुनीस गेले होते. परत येताना बोटीवर त्यांस ताप भरला. चार दिवस शुद्ध नव्हती. शेजारच्या एका परजातीच्या उतारूने त्यांस पेज भरवली, पाणी पाजले आणि माणूस जगला. गावी आल्यावर पंचांनी विचारले तेव्हा त्यांनी काही लपवले नाही. पंचांनी दंड व प्रायश्चित्त सांगितले. दंड भरावयास ते तयार होते. पण ‘ज्याने मला जगवले त्याच्या हातचे अन्न हे पाप होते, असे मी देवापुढे म्हणणार नाही’ असे त्यांचे उत्तर वहीत नोंदले आहे. मग त्यांचे घर वाळीत पडले. त्यांच्या मुलींची लग्ने ज्ञातीत झाली नाहीत. ते घर पुढे गाव सोडून गेले. ठरावाखाली सात सह्या आहेत. चौथी सही आमच्या आजोबांची आहे. ते वळणदार अक्षर आम्ही ओळखतो. आमच्या पहिल्या पाटीवर त्यांनीच आम्हांस श्री गिरवावयास दिला होता.

आजोबा या विषयावर कधी बोलले नाहीत. आजी मात्र आम्हांस एकदा सांगून गेली की दिवाळीच्या फराळाचे एक ताट परसदाराने त्या घरी जात असे, आणि ताट रिकामे परत आल्याचे आजोबा पाहत असूनही ‘हे ताट कोठे गेले होते’ असे त्यांनी कधी विचारले नाही. आमचे आजोबा दुष्ट नव्हते. आपण गावाचा धर्म राखतो आहोत अशी त्यांची समजूत होती. पण सही त्यांची आहे, ती पुसता येत नाही. आणि छापील वंशावळीत त्या चुलतआजोबांचे नाव नाही, कारण वहीत नावापुढे रेघ मारलेली आहे आणि त्या वेळी आम्हीही ती रेघ जशीच्या तशी उतरवून घेतली. ही चूक आजोबांची नव्हे, आमची.

पुढे आमच्या एका पुतण्याने विलायतेहून या संगीतिकेची छापील संहिता आणून दिली. बीबीच्या बापाची हकिकत वाचताना आम्ही पुस्तक मिटून ठेवले. लंडनच्या लोकांनी ज्या गोष्टीवर २०० रात्री हसून घेतले, ती आमच्या बाडात कोणी न हसता लिहून ठेवली होती.

कायद्याने आपले काम पुढे केले आहे. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्काराविरुद्ध कायदा केला. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. त्यानंतर महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा २०१६ चा अधिनियम केला आणि २०१७ सालापासून तो अमलात आला. त्यात अपराध्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. असा कायदा अलीकडे करावा लागला, यातच वाळीत टाकण्याची खोड किती चिवट आहे ते दिसते. आपले मंडळ आज शिष्यवृत्त्या देते, वधूवर मेळावे भरवते, रुग्णांस मदत करते. कोणास वाळीत टाकत नाही. ही समाधानाची गोष्ट आहे. पण मेळाव्याच्या अर्जात कोणाचे नाव मागे सरकवले जाते आणि कोणाच्या घरची पत्रिका ‘काही कारणाने’ परत येते, हे आपण सारे जाणतो. वही नाही, सह्या नाहीत. रेघ मात्र अजून मारली जाते.

त्या संगीतिकेचे पुढे काय झाले ते सांगून विषय पुरा करतो. सॉलोमन १८९५ साली, चाळिशीही न गाठता वारले. डान्स यांस मोठे यश पुढे ‘अ चायनीज हनिमून’ने दिले, लंडनमध्ये तिचे हजारांहून अधिक प्रयोग झाले. गिल्बर्ट आणि सलिव्हन यांचे भांडण मिटले आणि १८९३ साली ते पुन्हा सव्हॉयला परतले. कार्ट यांची मंडळी त्या दोघांची नाटके पुढे १९८२ पर्यंत करीत राहिली. ‘नॉच गर्ल’ मात्र मागे पडली. दुसऱ्याच्या घरावर हसण्यासाठी रचलेले नाटक त्या घराविषयीचे कुतूहल ओसरले की निर्जीव होते. याउलट आपलेच घर झाडण्यासाठी देवलांनी १८९९ साली ‘शारदा’ रंगभूमीवर आणले. बालाजरठ विवाहाच्या दुष्ट चालीवर ते घरच्या माणसाने ओढलेले कोरडे होते, म्हणून ते लोकांच्या मनात राहिले. परक्याचे हसणे विसरता येते. घरच्या माणसाने दाखवलेला दोष सहजी विसरता येत नाही, आणि विसरूही नये.

म्हणून कार्यकारी मंडळास आमची नम्र सूचना अशी की, वंशावळीची पुढील आवृत्ती निघेल तेव्हा पंचांच्या वहीत रेघ मारलेली सर्व नावे, जेवढी वाचता येतील तेवढी, आपापल्या घराण्यात परत घालावीत. अशी अकरा नावे आम्ही उतरवून काढली आहेत. ती यादी आमच्या स्वाक्षरीनिशी चिटणीसांच्या स्वाधीन केली आहे. या कुळांचे वंशज आज कोठे आहेत हे ज्ञातिबांधवांपैकी कोणास ठाऊक असेल, तर त्यांनी मंडळास अवश्य कळवावे. त्यांस पुढील स्नेहसंमेलनाचे निमंत्रण जावे, आणि पंगतीत पहिले पान त्यांचे मांडले जावे. वाढावयास आम्ही स्वतः उभे राहू.